तेवीस किलोंचा विरह

परदेशात गेलेल्या मराठी माणसाचं देशप्रेम पोटात सुरू होतं आणि पुष्कळदा तिथंच संपतं. गावाकडच्या जमिनीचा सातबारा, सोसायटीची थकलेली वर्गणी, महापालिकेची निवडणूक, यांतलं काहीही त्याला रात्री दोन वाजता झोपेतून उठवत नाही. मेतकूट उठवतं. मग न्यूजर्सीतल्या त्या मध्यरात्री तो फ्रीज उघडतो, कालच्या पिझ्झ्याच्या खोक्याकडे खिन्नपणे बघतो आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो, ‘मऊभात, मेतकूट, वर साजूक तूप. आणखी काय हवं असतं माणसाला?’ खाली रडणारी दोन पिवळी तोंडं. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. आई हातातली भाजी खाली ठेवते, चष्मा लावते, संदेश वाचते आणि तिच्या घशात आवंढा येतो. त्या दिवशी त्या घरात कुणाला धड जेवण जात नाही. लेक मात्र पिझ्झा गरम करून खातो आणि झोपतो.

आता या चिरंजीवांचा पूर्वेतिहास बघा. कोथरुडात असताना मऊभात तो फक्त तापात खायचा, तोही तोंड वाकडं करून. शेपूची भाजी केली की याचं पोट दुखायचं. पडवळाच्या फोडी ताटाच्या कडेला रांगेनं मांडून ठेवायचा. आईनं थालीपीठ लावलं की ‘आज परत थालीपीठ?’ म्हणत मोबाइलवरून बाहेरचं मागवायचा. पासपोर्टवर शिक्का बसला आणि चमत्कार झाला. त्याच शेपूवर तो आता इंग्रजीत हळवं लिहितो. दोडक्याच्या शिरांच्या चटणीला ‘विस्मरणात गेलेला वारसा’ म्हणतो. बाबा रे, वारसा विस्मरणात गेला नव्हता, तुझ्या ताटात उरला होता.

बरं, या विरहाला कारण तरी काय? न्यूजर्सीत एडिसन-इझेलिनच्या ओक ट्री रोडवर एक चक्कर मारा. तूरडाळ, गूळ, कोकम, नाचणीचं पीठ, ज्वारीचं पीठ, जाडे पोहे, पातळ पोहे, किसून गोठवलेला नारळ, गोडा मसाला, काळा मसाला, कांदा-लसूण मसाला. पुण्याच्या उपनगरातल्या मॉलमध्ये कोकम मागितलं तर पोरगं सरबताची बाटली आणून देतं. ओक ट्री रोडवर तीन कंपन्यांचं कोकम ओळीनं मांडलेलं आहे. गोठवलेले उकडीचे मोदक मिळतात, पुरणपोळ्या मिळतात, बाकरवडी मिळते. मिळत नाही असं काही शोधायचं म्हटलं तर दिवसभर हिंडावं लागेल. ‘पण तशी चव नसते हो,’ असं उत्तर येतं. कशी चव असायला हवी, असं विचारलं की सद्गृहस्थ लांबवर बघतात.

खरी अडचण ज्यांना होती, त्यांनी इतकी रड केली नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी याच न्यूजर्सीत उतरल्या. रोझेल गावात, कार्पेंटर कुटुंबाकडे. आजच्या ओक ट्री रोडपासून मोटारीनं जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. वय अठरा, अंगावर नऊवारी, आहार शाकाहारी, आणि जाताना भर सभेत सांगून आलेल्या की हिंदू म्हणून जाते आहे, हिंदू म्हणूनच परत येईन. कलकत्त्याहून निघून न्यूयॉर्क गाठायला त्यांना जवळजवळ दोन महिने लागले होते. मसाला संपला तर ‘आई, जरा कुरियर कर’ म्हणायची सोय नव्हती. तरी १८८६ साली त्या फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. आज त्याच पट्ट्यात कढीलिंबाची जुडी कोमेजलेली मिळाली म्हणून लोक आठवडाभर उदास असतात.

नंतर सत्तरच्या दशकात गेलेले इंजिनियर आणि डॉक्टर. शिकागोच्या डेव्हॉन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली निघालं; त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं बहुतेक गावांत डाळीच्या नावानं आनंदच होता. त्या पिढीतल्या बायकांनी काय केलं, तर समोर जे दिसेल त्याला कामाला लावलं. न्याहारीच्या ‘क्रीम ऑफ व्हीट’चा शिरा केला. पॅनकेकच्या तयार पिठाचे गुलाबजाम वळले. रिकोटा चीज आटवून पेढे केले. राइस क्रिस्पीजला फोडणी देऊन चिवडा म्हणून समोर ठेवला, आणि खाणाऱ्यांनी तो चिवडाच आहे असं मानून खाल्ला. टॉर्टिया गरम करून तिला पोळी म्हटलं. या खटपटीचं कुणी स्मारक उभारलं नाही. अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं, तेव्हा त्यात सामील होणाऱ्या मंडळांच्या गणपतीचा प्रसाद कुणाच्या तरी अशाच स्वयंपाकघरात, अशाच हिकमतीनं शिजलेला असायचा. त्या बायका आज सत्तरी-पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांना विचारा, इथलं काय आठवायचं? त्या हसतात आणि म्हणतात, आठवायला वेळ कुणाला होता?

आता वेळ आहे, म्हणून बॅगा आहेत.

पुण्याहून, ठाण्याहून, नागपुराहून आईवडील मुलाकडे निघाले की प्रत्येकी २३ किलोंच्या दोन बॅगा मिळतात. दोघांच्या मिळून ९२ किलो. यात आईवडिलांचे कपडे किती? जेमतेम दहा किलो. बाकी सगळा विरह. त्याची यादी दोन महिने आधी येते.

‘आई, भाजणी थोडी जास्त दे हां या वेळी.’

‘जास्त म्हणजे किती रे?’

‘पाचेक किलो. ऑफिसातल्या एकालाही द्यायची आहे. आणि गोडा मसाला तूच केलेला. बाहेरचा नको.’

‘अरे, आता गुडघ्यांमुळे खाली बसून भाजणं होत नाही मला.’

‘मग उभ्यानं कर ना.’

हे ‘उभ्यानं कर ना’ ज्यानं सुचवलं, त्याच्या घरी भांडी घासायचं यंत्र आहे, कपडे वाळवायचं यंत्र आहे आणि फरशी पुसत फिरणारी गोल चकतीही आहे.

मग पॅकिंगची रात्र. बैठकीच्या खोलीत सतरंजी पसरलेली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे, चिकटपट्टी, प्लॅस्टिकच्या तिहेरी पिशव्या. लोणच्याच्या बरणीला आधी प्लॅस्टिक, मग जुना टॉवेल, मग पुन्हा प्लॅस्टिक. बाबा बॅगेसकट वजनकाट्यावर उभे राहतात, काटा वाचायला वाकतात, वाकल्यावर काटा हलतो. ‘अहो, सरळ उभे राहा. मी वाचते.’ चोवीस किलो तीनशे. काहीतरी काढायला हवं. काय काढायचं? पहिल्यांदा बाबांचा स्वेटर निघतो. मग नातवासाठी घेतलेली मराठी गोष्टींची पुस्तकं निघतात. मग बाबांचे दुसरे बूट. कुरडया निघत नाहीत. सांडगी मिरच्या निघत नाहीत. लसणाची चटणी तर बाबांच्या औषधांच्या पिशवीत शिरते, आणि पुढचे सहा महिने रक्तदाबाच्या गोळीला तिचा वास येत राहतो. नातू मराठी वाचायला शिकत नाही, पण कुरडई मात्र ‘दॅट क्रंची थिंग’ म्हणून आवडीनं खातो. संस्कृती पोचली म्हणायची.

इतकं करून पुढं कस्टम उभं असतंच. अमेरिकेत प्रवाशाच्या सामानातून आपल्याकडचा तांदूळ नेता येत नाही. २०११ पासून ही बंदी आहे, कारण खपरा नावाचा भुंगेरा. धान्याच्या कोठारात एकदा शिरला की हटत नाही. म्हणजे आंबेमोहोराचा मऊभात बॅगेतून जाणं बंद. ताजा कढीलिंब बंद, कारण त्याच्या पानांवरून संत्र्या-मोसंबीच्या बागांचा काळ ठरणारी कीड येते. न्यूझीलंडात खिशातलं एक सफरचंद सांगायचं राहिलं तरी ४०० डॉलरचा दंड जागेवर. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातींची तर तऱ्हाच वेगळी. तिथं खसखस अमली पदार्थांच्या यादीत जमा. आता आपल्या अनारशाचा विचार करा. तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गुळात मुरवून, शेवटी खसखशीवर थापलेला तो सात्त्विक जीव दुबईच्या विमानतळावर थेट गुन्हेगार ठरतो. डिंकाच्या लाडवांचंही तेच. बाळंतिणीसाठी प्रेमानं नेलेले लाडू आजीला पोलीस चौकी दाखवू शकतात. दुबईला लेकीकडे निघालेल्या समस्त आज्यांना हात जोडून सांगणं आहे, अनारसे इथंच खा.

आणि हापूस. हापूसाची गोष्ट म्हणजे साक्षात आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर. अमेरिकेनं आपला आंबा १९८९ पासून बंद ठेवला होता, फळमाशी आणि कोयकिड्याच्या भीतीनं. तो २००७ साली उघडला. बदल्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना भारताचा रस्ता मोकळा झाला, अशी तेव्हा मोठी चर्चा होती. देवघेव म्हणून ठीकच आहे. आपण त्यांना रस दिला, त्यांनी आपल्याला आवाज दिला. पण अट अशी की आंब्यावर किरणांचा मारा करायचा, किमान ४०० ग्रे. त्यासाठी पहिल्यांदा कोकणातला आंबा घाट चढून लासलगावला गेला. कांद्याच्या गावात भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेल्या केंद्रात किरणं अंगावर घेऊन मग तो मुंबईला, तिथून विमानानं अमेरिकेला. म्हणजे तिथल्या मराठी माणसाच्या ताटात येणारा हापूस त्याच्यापेक्षा जास्त तपासण्या होऊन आलेला असतो.

२०२५ च्या मे महिन्यात तर या आंब्यांच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडकल्या. किडे सापडले म्हणून नव्हे, कागदात खोट निघाली म्हणून. परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून निर्यातदारांनी माल तिथंच नष्ट करू दिला. सरकारी कागदातल्या एका चुकीनं आंबा मरतो, हे वाचून मात्र परदेशस्थांना मायदेशाची खरी आठवण यायला हरकत नव्हती.

जो आंबा पोचतो, त्याचं काय होतं तेही बघण्यासारखं असतं. पुण्यात मार्केट यार्डात डझनामागं पन्नास रुपये कमी करायला हा माणूस वीस मिनिटं घासाघीस करायचा, पेटी उघडून दाखवायला लावायचा, वर ‘कर्नाटकचा तर नाही ना?’ असं विचारून बागवानाचा अपमान करायचा. तिथं चाळीस-पन्नास डॉलर मोजून खोका घेतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. आत दोन आंबे दबलेले निघाले तरी चालतात. आधी फोटो, मग आंबा. पहिली फोड तोंडात गेली की डोळे मिटायचे आणि म्हणायचं, ‘नॉट द सेम.’ हे न म्हणता आंबा खाल्ला तर व्हिसा रद्द होत असावा.

आता थोडं उपासाबद्दल. एकादशीला, चतुर्थीला, श्रावणात विरहाला विशेष भरती येते, आणि त्या भरतीत साबुदाण्याची खिचडी अग्रभागी असते. टेक्सासमध्ये बसून एक भगिनी लिहितात, ‘आपल्या मातीतली ती खिचडी!’ खिचडीत काय असतं? साबुदाणा. तो सेलमच्या कारखान्यांत ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाण्याचं कूट, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची, तीही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली. उरलं तूप, जिरं आणि मीठ. म्हणजे अमेरिकेत बसून, अमेरिका खंडातल्या चार जिनसांसाठी, मराठीत अश्रू ढाळणं चालू आहे. उलट कोलंबसाच्या आधी आपले पूर्वज उपास करायचे, ते नेमकं काय खाऊन करायचे, हा प्रश्न विचारायची सोय नाही. बहुधा खरंच उपास करत असावेत.

वडापावाचंही तेच. बटाटा तिकडचा, मिरची तिकडची, पाव पोर्तुगीजांचा. आपलं काय, तर बेसन, हळद आणि गर्दी. आणि खरं सांगायचं तर वडापावातली खरी चव गर्दीचीच असते. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी तो लोकांच्या हातात दिला असं सांगतात, तेव्हा घेणाऱ्याला गाडी गाठायची होती. घाई, घाम, कागदाला सुटलेलं तेल, मागून येणारा धक्का. शिस्तीत रांग लावून, हातमोजे घातलेल्या माणसाकडून, पावती घेऊन तो खाल्ला तर तो फक्त बटाट्याचा वडा उरतो.

इथवर सगळी गंमत. आता मुद्द्याचं.

साहित्य सगळं मिळतं. कृती तर आता पाच वर्षांचं पोरही पडद्यावर शोधून देईल. कुकर तिथंही शिट्ट्या मारतो, शिट्ट्या न मारणारा विजेचा कुकरही आहे, आणि तो उकडीचे मोदकसुद्धा मुकाट उकडून देतो. मग तरी ‘ती चव’ का येत नाही? कारण ‘त्या चवी’त मीठ-मसाल्यापेक्षा मोठा घटक वेगळाच होता. तो घटक म्हणजे आयतं ताट. समोर आलेलं, वाढलेलं, गरम. ‘आणखी एक पोळी घे’ म्हणणारं कुणीतरी ओट्याशी उभं. आपण फक्त हात धुऊन बसायचं आणि वर बोलायचं, ‘आज मीठ जरा कमी आहे.’ विरह आहे तो याचा. वरणभाताचं नाव फक्त पुढं केलं जातं.

पुरावा हवा असेल तर परदेशस्थ मराठी बाईला विचारा. नवरा आईच्या हातच्या पुरणपोळीवर हळवा होत असतो तेव्हा ही ओट्याशी पोळ्या लाटत असते. तिला काय आठवतं म्हणाल तर ती सरळ सांगते: कुणीतरी हातात दिलेला चहाचा कप. जेवण करून उठणं आणि ताट तिथंच राहणं. तिच्या उत्तरात एकाही पदार्थाचं नाव नसतं. ती ज्याला मुकली आहे ते तिला नेमकं कळलेलं आहे. नवऱ्याला ते अजून मेतकूट वाटतं.

आणखी एक व्यक्ती या सगळ्या आठवणींतून सफाईनं गायब आहे. पुण्यातल्या ज्या मऊसूत, पदर सुटलेल्या, तुपाच्या पोळ्यांवर परदेशात गहिवर चालतो, त्या पुष्कळ घरांत आईनं केलेल्याच नसतात. त्या पोळीवाल्या मावशींनी केलेल्या असतात. सकाळी सहाला पहिलं घर, दुपारपर्यंत आठवं. माणशी, वेळेप्रमाणे, महिन्याचा पगार, आणि दिवाळीला साडी की पैसे यावर दोन आठवडे चर्चा. सुट्टी घेतली की ‘या बायकांना काही जबाबदारीच नाही’ हे वाक्य. तीच पोळी न्यूजर्सीत नगावर विकली जाते, डॉलरमध्ये. तिथं हिशेब चोख आणि कुरकुर नाही. गेल्या वीस वर्षांत परदेशातून ‘आईच्या हातची’ म्हणून आलेली उमाळ्याची वाक्यं मोजता येणार नाहीत. ‘आमच्या पोळीवाल्या मावशींच्या हातची’ असं एक तरी वाक्य कुणी वाचलं असेल तर कळवावं.

एकदाची मग सुट्टी मिळते आणि विरही जीव तीन आठवड्यांसाठी घरी येतो. त्याच्या मनात मिसळ, पिठलं-भाकरी आणि भरली वांगी. घरच्यांच्या मनात मात्र त्याला ‘चांगल्या’ ठिकाणी न्यायचं असतं. चुलतभाऊ म्हणतो, ‘अरे, बाणेरला एक मस्त जपानी निघालंय. एकदम ऑथेंटिक.’ आतेबहीण ॲव्होकाडो टोस्टच्या दुकानात टेबल राखून ठेवते. तो बिचारा सात समुद्र ओलांडून, पुन्हा चॉपस्टिक हातात घेऊन बसतो. चौथ्या दिवशी हट्टानं मिसळ खातो. ‘तर्री कमी, पाणी बाटलीतलं’ अशी ऑर्डर देतो. मिसळवाला त्याच्याकडे बघतो, काही बोलत नाही, पण ते न बोलणंही ऐकू येतं. पाचव्या दिवशी मऊभात. या वेळी खरोखरीच औषध म्हणून.

त्याचं दुःख असं आहे की तो ज्या गावाला रडतो आहे, ते गाव पुढं गेलं. चितळे बंधूंचं दुकान दुपारी एक ते चार बंद, हा पुणेरी बाण्याचा जगप्रसिद्ध पुरावा होता. २०१७ साली तेही दुपारी उघडं राहू लागलं. परदेशस्थांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. वास्तविक आनंद व्हायला हवा, दुपारी दोन वाजता बाकरवडी मिळते! पण नाही. त्यांना बाकरवडी नको आहे, बंद दार हवं आहे. त्या दारावर टकटक करून परत फिरताना ते अठरा वर्षांचे होते, घरी कुणी वाट बघत होतं आणि गुडघे कुणाचेच दुखत नव्हते.

विरह न करता चव कशी टिकवावी, याचा धडा आपल्याच किनाऱ्यावरून गेलेल्या लोकांनी घालून दिला आहे. कोकणातले बेने इस्राएली ज्यू, पेण-अलिबागकडचे शनवार तेली, १९४८ नंतर हजारोंनी इस्राएलला गेले. अश्दोद, दिमोना, रमला अशा गावांत वसले. त्यांच्या मागं २३ किलोंच्या बॅगा घेऊन कुणी येणार नव्हतं; पुष्कळांचं सगळं घरच तिकडं गेलं होतं. पण आजही एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा होतो, भिजवलेले पोहे, गोड, ओलं खोबरं, वर फळं. नव्या वर्षाला गव्हाचा चीक काढून, नारळाच्या दुधात आटवून चिकाचा हलवा होतो. चीक काढणं म्हणजे काय ते ज्यांनी कुरडया केल्यात त्यांनाच ठाऊक. त्यांनी पाकीट नेलं नाही, हात नेले. चव टिकली ती कुणाला तरी करायला सांगून नव्हे, दरवर्षी स्वतः करून. आणि त्या पदार्थांवर कुणी डोळे मिटून ‘नॉट द सेम’ म्हणत नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. परक्या गावात, एकट्या खोलीत, ताप भरलेला असताना मऊभाताची आठवण येणं यात हसण्यासारखं काही नाही. पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारला अंधार पडतो तेव्हा फोडणीचा वास आठवून कुणाचाही घसा दाटेल. त्या आठवणीशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते तिची यादी करून सत्तरीच्या बाईला पाठवण्याशी. चाळिशीतला माणूस, दोन मोटारी, चार बेडरूमचं घर, आणि भाजणीसाठी आईवर अवलंबून! हे मातृप्रेम नव्हे, ही बिनपगारी नोकरी आहे, आणि तिला निवृत्तीचं वय नाही.

दोष अर्थात एकट्या त्याचा नाही. मुलगा परदेशी जाणार म्हणून आम्ही बारावीपासून तयारी करतो. परीक्षांचे क्लास, इंग्रजीचे क्लास, व्हिसाच्या मुलाखतीचा सराव, कर्जाचे हप्ते. लाखो रुपये खर्चतो. जाण्याच्या आदल्या आठवड्यात कोट, बूट, थर्मल आणि औषधांचा डबा घेतो. कुकरला किती पाणी घालायचं, एवढं मात्र सांगायचं राहतं. मुलगी जाणार असेल तर ते सांगून झालेलं असतं, तिनं विचारलेलं नसलं तरी. मुलाबरोबर मसाल्याची पाकिटं देतो, मुलीबरोबर जबाबदारी. मग पंधरा वर्षांनी तो हळवा होतो आणि ती दमलेली असते, यात आश्चर्य कसलं?

म्हणून आईवडिलांना विनंती: यंदा बॅगेतून भाजणी काढा, बाबांचा स्वेटर आणि गोष्टींची पुस्तकं परत आत ठेवा. तिकडं पोचल्यावर लेकाच्या स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसा, हात मांडीवर ठेवा आणि नुसतं सांगा. धान्यं भाजायला त्याला लावा. करपली तर करपू द्या. दुसऱ्यांदा करपणार नाहीत.

आणि परदेशस्थ बंधूंनो, तुमच्यासाठी तर काम आणखी सोपं आहे. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी तूरडाळ, हळद, हिंग, मीठ, वर तूप आणि लिंबू. सगळं तुमच्या घरापासून मोटारीच्या अंतरावर मिळतं. वेळ लागतो अर्धा तास, म्हणजे ती उदास पोस्ट लिहून तिच्यावर आलेल्या प्रतिक्रिया वाचायला लागतो त्यापेक्षा कमी. फोन खाली ठेवा, कुकर लावा, आणि झालं की पहिलं ताट दुसऱ्या कुणाला तरी वाढा.